छेद

इमारत मधोमध कापून कागदावर दाखवतात,
त्याला छेद म्हणतात.
भोकालाही छेदच म्हणतात.

म्हापशाच्या जुन्या प्रसूतिगृहाचा छेद काढत होते मी,
तिथं आता जमिनीच्या नोंदींचं कार्यालय येणार होतं.
वळचणीच्या कोपऱ्यात
पिसं, काड्या आणि लाळेचा एक पुंजका
काही केल्या मापात बसेना.

काजितान परांचीवरून म्हणाला,
बाय, हांगा जीव आसा.
त्याच्या हातात थापी होती
आणि माझ्या हातात कंत्राट:
सर्व भेगा, पोकळ्या व छिद्रे बुजवणे.
‘सर्व’ हा शब्द मीच टाइप केला होता.

पाकोळी बसत नाही.
तारेवर ओळीनं बसते ती भिंगरी, लोक गल्लत करतात.
हिचे पाय नुसते लटकण्यापुरते, आकड्यांसारखे.
खाणं हवेत, पाणी उडता उडता,
घरट्याचं सामानही वाऱ्यावरून वेचलेलं:
शुक्रवारच्या बाजारानंतर
कोंबडीवाल्यांच्या गल्लीतून वर आलेली पिसं,
सावरीचा कापूस,
कुठल्याशा लग्नातली चंदेरी कागदाची पट्टी.
एवढं आभाळ पायाखाली घालून
तिला लागते एक वीत जागा,
तीही भिंतीत.

पूर्वेची बाजू आम्ही थांबवली.
शिरगावकर कंत्राटदार माझ्यावर ओरडला,
परांचीचं भाडं दिवसाला किती पडतं ते बोटांवर मोजून दाखवलं,
पहिलं बिल दोन महिने अडकलं.
ठीक.

पण पश्चिमेची बाजू आदल्याच आठवड्यात झाली होती.
संध्याकाळी गेले तर
किंचाळत घिरट्या, आणि ओल्या गिलाव्यावर
नखांच्या बारीक रेघा,
कुणी टाचणीनं काहीतरी लिहायला घ्यावं
आणि जमू नये, तशा.
काजितानने काही न बोलता छिन्नी लावली.
आत काय होतं
ते मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.

समोरची नवी इमारत माझीच, चार मजली.
कठड्याखालच्या पट्टीत
मी अठरा पोकळ विटा घातल्या, मुठीएवढ्या तोंडाच्या,
खाली विष्ठेसाठी एक अरुंद फळी.
तळावलीकर, सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणाले,
घाण कशाला विकत घ्यायची?
म्हटलं, डास खातात त्या.
म्हणाले, त्याला नगरपालिकेचा धूर आहे.
शेवटी मंजुरीच्या नकाशात
मी त्या भोकांपुढे ‘वायुवीजन’ लिहिलं.
अगदीच खोटं नव्हतं.

पहिल्या वर्षी कुणी आलं नाही.
दुसऱ्या वर्षी तीन विटांत चिमण्या,
एकीत गांधीलमाश्या, त्यावरून सभा झाली.
मी पाकोळ्यांचा आवाज फोनवर मिळवून
गच्चीतून पहाटे लावायला लागले.
तिसऱ्या मजल्यावरच्या आव्हेलिनबाईंनी विचारलं,
तुमच्या पंख्याला तेल घालायचं राहिलंय का?
मी आवाज कमी केला.
बंद केला नाही.

मधल्या काळात इतर कामं होती. पर्वरीला एक शाळा,
एक गळकी टाकी.
प्रत्येक छेद काढताना
कठड्याखाली पेन्सिल जरा थांबायची.
काही ठिकाणी परवानगी मिळाली,
जास्त ठिकाणी नाही.

चौथ्या वर्षी मे महिन्यात काजितानचा फोन.
स्कूटर रस्त्यातच थांबवली असणार,
मागे हॉर्न वाजत होते.
बाय, वयर पळय.
कुठं?
तुज्या बुराकांत.

मी गेले तेव्हा अठराही भोकं
सारखीच काळी दिसत होती.
मान दुखेपर्यंत उभी राहिले.
तळावलीकर दूध घेऊन आले,
माझ्याकडे बघून त्यांनीही वर बघितलं,
काय बघायचं ते न विचारता.

मग डावीकडून सातव्या भोकातून
कोंबडीचं एक तांबूस पीस
अर्धं बाहेर आलं,
वाऱ्यावर थरथरलं,
आणि कुणीतरी आतून
ते परत ओढून घेतलं.