समुद्रसपाटी

पुस्तक म्हणतं: एक मोल वायू,
बावीस पूर्णांक चार लिटर.
खाली बारीक टाइपात: प्रमाण तापमान, प्रमाण दाब.
प्रमाण म्हणजे समुद्राकाठचं.

एल आल्तोची शाळा चार हजार मीटरांवर.
नार्दानं मॅग्नेशियमची फीत कापली,
छत्तीस मिलिग्रॅम,
तराजू म्हातारा, म्हणून तीनदा तोलली,
तांब्याच्या तारेत गुंडाळून आम्लात सोडली.
पाण्यावर उलट्या धरलेल्या नळीत
बुडबुडे वर पळाले, मधल्या सुट्टीत जिन्यावर पळावं तसे
(इथं जिन्यावर कुणी पळत नाही.
सांताक्रूझहून आलेली नवी मुलगी पहिल्या दिवशी पळाली,
अर्ध्यावर बसली, दप्तर मांडीवर घेऊन).

अठ्ठावन्न मिलिलिटर.
भागिले बावीस हजार चारशे.
ताळा जुळेना.
एवढ्याशा धातूला जेवढा हायड्रोजन झेपेल
त्याच्या पावणेदोन पट नळीत उभा.
नार्दानं भागाकार पुन्हा केला, हातचा कुठं राहिला का पाहिलं,
मग इकडं तिकडं बघून
अठ्ठावन्नचे तेहेतीस केले.

प्रोफेसोरा कालिसायांनी वही उचलली.
खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता,
तिथं बोट ठेवून म्हणाल्या,
नळी खरं बोलत होती, तूच तिला गप्प केलंस.
भिंतीवरचा दाबमापक वाच.

चारशे पासष्ट.
आता पाण्याचा वाटा काढ. नळीत त्याची वाफही बसलीय
आणि ती भाडं देत नाही.
साडेदहा वजा.
खोलीत बारा अंश, त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळव,
थंडी वाजते म्हणून कमी धरू नकोस.

पाटीवर आकडे एकमेकांना छेदत गेले.
शेवटी उरलं: शून्य पूर्णांक शून्य शून्य एक चार आठ.
धातूइतकंच. रतीभर इकडं नाही, तिकडं नाही.

वायू तेवढाच होता, प्रोफेसोरा म्हणाल्या,
वरून दाबणारं कुणी कमी होतं
म्हणून ऐसपैस बसला.
कोपऱ्यावरच्या दुकानात बटाट्याच्या चकत्यांची पाकिटं बघ,
खालून येतात, इथं पोचेतो पोट फुगलेलं,
आणि आत त्याच अकरा चकत्या.

नार्दानं विचारलं, मग पुस्तकातलं ते गाव कुठाय,
जिथं सातशे साठ असतं?
मागच्या बाकावर कुणी हसलं.
दर मार्चमध्ये ही शाळा बँड लावून चालते
गेलेल्या किनाऱ्यासाठी,
पोरं पाय आपटतात, गुडघे वर,
आणि समुद्र पाहिलेला त्यांच्यात एक नाही.

तिचा बाप देमेत्रियो सोयाबीनचा ट्रक घेऊन आरिकाला जातो.
येताना काय आणू?
बाटली. दोन लिटरची. रिकामी.
बूच तिथंच लावायचं, पाण्यापाशी उभं राहून, घट्ट.
आणि आत काय भरू?
काही नको.
ढाब्यावर त्यानं हे बाकी ड्रायव्हरांना सांगितलं,
त्यांनी दोन दिवस पुरवून पुरवून चेष्टा केली.
तरी उतरला तो, वाळूत बूट भरले.

बाटली आली, हलगीसारखी ताठ.
नार्दानं उघडण्याआधी मांडणी केली:
सातशे साठ गुणिले दोन.
तिकडं किती अंश होते?
बाप म्हणाला, स्वेटर काढला होता.
तिनं बावीस धरले.
म्हणजे आत शून्य पूर्णांक शून्य आठ मोल.
इथल्या दाबाला मावेल ते पाच.
तीन निघून जातील.

धाकटा भाऊ नाक लावून बसला.
बूच फिरवलं.
फस्स, एवढंच, चहाचा घोट थंड करावा तितका वेळ.
डिझेलचा वास येतोय, तो म्हणाला.
नंतर म्हणाला, मासळीचा पण.

तिनं बूच परत लावलं, बाटली कपाटावर ठेवली,
आणि वहीत लिहिलं, यावेळी खाडाखोड न करता:
गेला ०.०३.
उरला ०.०५, घरात आहे.