तिऱ्हाईत

करारात एकूण सतरा कलमं.
राजवाड्याजवळच्या टायपिस्टनं
कुणाच्या तरी जुन्या करारावरून उतरवलेली,
कारण कलम सहामध्ये अजून कुणा भोसेकरांचं नाव आहे
आणि ते आम्हा दोघांच्याही नोंदणीनंतर लक्षात आलं.

मी परवानाधारक. बापूगोंडा मगदूम मालक.
ते खाली, मी वर. मधे तेरा पायऱ्या.
अकरा महिने, साडेसहा हजार, अनामत वीस.
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.
मांसाहार शिजवायचा नाही.
तिऱ्हाईतास जागेत ठेवायचं नाही.
आणि मालकानं जागा बघायला यायचं
तर चोवीस तास आधी कळवून.

एवढं एकच कलम माझ्या बाजूचं,
तेही हट्टानं घालून घेतलेलं.
मिरजेच्या लॅबमधली शमा म्हणाली होती,
पावतीही माग, पावती म्हणजे हक्क, भीक नव्हे.
काका म्हणायचे, पावती कशाला मोंडकरबाई,
घरातलंच तर आहे सगळं.

मार्चमध्ये भाड्याला पाच दिवस उशीर झाला
तेव्हा टाकीचा कॉक आपोआप बंद पडला.
भाड्यासाठी पाणी तोडता येत नाही, कायदा आहे,
असं मी रिकामी बादली घेऊन
जिन्यात उभी राहून, कुणालाच उद्देशून नाही, म्हणाले.
कॉक आपोआप उघडला.
भाडंही मी त्याच संध्याकाळी दिलं.

ऑगस्टात गल्लीत एकच प्रश्न :
आयर्विनला किती फूट?
चाळीसला लोकांनी गाड्या विश्रामबागेकडे नेल्या.
पंचेचाळीसला समोरच्यांनी म्हैस सोडली.
पन्नासच्या पुढं, रात्री तीन वाजता
माझी कडी वाजली.
चोवीस तास आधी कळवलेलं नव्हतं.

काका, काकू, अर्धी भरलेली गॅसची टाकी,
पदरात गुंडाळलेली पितळी मूर्ती
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घराचे कागद.
येऊ का? काकांनी विचारलं,
स्वतःच्याच जिन्याच्या तेराव्या पायरीवरून.
या, म्हणाले.
कलम नऊचा भंग, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.

चातुर्मास होता. काकूंना कांदा-बटाटा चालत नव्हता
आणि माझ्याकडं कांदा-बटाट्याशिवाय काही नव्हतं.
भाकरी, मीठ, हिरवी मिरची.
दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण,
मग माझंही; मेणबत्ती वाचायची.

तिसऱ्या दिवशी मीठ शोधताना
काकूंना माझा सुकटीचा डबा सापडला.
त्यांनी झाकण घट्ट लावलं,
डबा दोन बोटांत धरून
सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथं ओल लागणार नाही.
बोलल्या काहीच नाहीत.
काकांनी भिजलेले कागद वाळत घालायला
दोरी बांधली. खिळा ठोकला. माझ्या वरवंट्यानं.

पाणी अकराव्या पायरीला थांबलं.
नऊ दिवस आम्ही तिघं
आळीपाळीनं दोन पायऱ्या मोजत होतो.

दिवाळीनंतर मुदत भरली.
काकांनी दहा टक्के वाढ सांगितली, कलम चौदाप्रमाणे,
आणि अनामतीतून खिळ्याचे दोनशे.
कुठला खिळा? मी विचारलं.
आतून काकू हसल्या. काका नाही हसले.
वाढ पाच टक्क्यांवर आली.

नवीन काही घालायचंय? टायपिस्टनं विचारलं.
आम्ही दोघं रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडं बघत राहिलो.
तिऱ्हाईत म्हणजे कोण, तेवढं लिहा, मी म्हणाले.
तसा फॉरमॅट नाही, म्हणाला.

त्या रात्री काका वर आले, दुपारीच कळवून.
अकरा पावत्या एकदम आणल्या होत्या,
अडतीच्या जुन्या पुस्तकातल्या, कडा हळदीनं पिवळ्या.
जुलै, पूर्ण मिळाले. सप्टेंबर, पूर्ण मिळाले.
ऑगस्टच्या पावतीवर रक्कम कोरी.
देणार कोण, घेणार कोण, तेही कोरं.
खाली सही मात्र आहे.

ती मी अजून भरलेली नाही.