खिडकी क्रमांक दोन

पुंता अरेनासचा वारा न विचारता आत येतो,
म्हणून मिल्काबाई वर्गाच्या दाराला
लोकरीचं गाठोडं लावून ठेवतात.
खाली एलादिओचं बूटदुरुस्तीचं दुकान,
वर आम्ही सातजण, दर गुरुवारी,
गोष्ट लिहायला शिकणारे.
फरशीतून हातोडीचा आवाज येत राहतो.
"ऐका," बाई म्हणतात,
"तो चामड्याचं कौतुक करत बसलाय का?"

मी सामुद्रधुनीपलीकडच्या फेरीबोटीची तिकिटं विकतो.
पहिली गोष्ट लिहिली ती एका सरदाराची,
व्हिएन्नात, झुंबराखाली.
व्हिएन्ना मी पाहिलेलं नाही.
झुंबर एकदाच, बिशपच्या घरी, तेही विझलेलं.
बाईंनी निमूट वाचलं, चष्मा पुसला,
आणि विचारलं, "पोर्वेनीरचं तिकीट केवढ्याला?"
सांगितलं. सायकलीचं वेगळं, तेही सांगितलं.
"आणि मेंढरू?"
मेंढराचंही सांगितलं.
"मग तुझा सरदार कुणाच्या पैशावर जेवतो,
एवढंच कसं ठाऊक नाही तुला?"

फळ्यावर त्या काही लिहीत नाहीत.
किटली उतरवता उतरवता बोलतात:
माणूस रडला असं लिहू नका,
त्याच्या हातात अर्धा सोललेला बटाटा द्या
आणि फोन वाजू द्या.
एकानं विचारलेल्याचं दुसऱ्यानं सरळ उत्तर देऊ नये,
घरी देतं का कुणी?
पहिलं पान म्हणजे घसा खाकरणं.
खाकरून झालं की शेगडीत.
शेगडीत म्हणजे खरंच शेगडीत.
रामोनाची बारा पानं गेली तशी.
ती हुंदके द्यायला लागली
तर बाईंनी तिच्यापुढे बटाट्यांची पाटी सरकवली.

ओनोफ्रे कत्तलखान्यावर रात्रीचा राखणदार.
त्यानं विचारलं, सुचलंच नाही तर?
"रात्रभर काय करतोस तू?"
"कुलपं तपासतो."
"कशी?"
"एकेक. ओढून."
"मग तशीच वाक्यं."

सगळंच पटतं असं नाही.
विशेषणं म्हणजे उसनवारी, म्हणाल्या, तेव्हा मी भांडलो.
हिवाळ्यात आमचं पाणी शिशाचं होतं, बाई,
त्याला नुसतं पाणी कसं म्हणू?
"म्हण. बोटीतल्याला पोहता येत नाही, एवढं सांग.
शिसं आपसूक येईल."
मला अजून पटलेलं नाही.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी
खिडकीच्या काचेपलीकडे त्याच उभ्या.
"पोर्वेनीर. एक."
"परतीचं?"
"नको."
का, हे प्रवाशाला विचारायचं नाही,
हा खिडकीचा नियम आहे.
शिवाय मागे रांग होती.
मी सुटे पैसे मोजून दिले.

त्या रात्री सगळी कारणं लिहून काढली.
दुरावलेला मुलगा. तरुणपणीचा कुणी सोनं धुणारा.
डॉक्टरची चिठ्ठी. दफनभूमीतली राखून ठेवलेली जागा.
अकरा पानं, आणि शेवटी चक्क धुकं.

गुरुवारी गाठोडं सरकलं. त्या आल्या.
नेहमीसारखी किटली ठेवली.
डाव्या बुटाला घोट्यापर्यंत वाळलेला चिखल,
पिवळा,
या काठावर मी कधी न पाहिलेला.
कुणी काही विचारलं नाही.
रामोनानं खुर्ची पुढे केली, एवढंच.

अकरा पानं मीच शेगडीत घातली.
पुढच्या गुरुवारी एक परिच्छेद नेला:
खिडकी, नाणी, एकेरी तिकीट,
परत आलेला बूट.
त्यांनी तो फार वेळ हातात धरला.
खाली हातोडी थांबली होती,
एलादिओ जेवायला गेला असावा.
मग पेन्सिलीनं एकच शब्द खोडला, 'उदास'.
चिखल राहू दिला.
"सुटे किती दिले होतेस मला?"
"सातशे."
"मग लिही ना."