समान शक्यता

गुडलंड, कॅन्सस. फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार.
पहाटेचे चार. ऑफिसात मी, कॉफीचं यंत्र
आणि छतावर वाऱ्याचं ते न संपणारं दळण.

मार्च-एप्रिल-मेचा अंदाज लिहायचाय.
नकाशात खाली, टेक्ससकडे, तपकिरी: सरासरीहून कमी.
वर पार डाकोटात हिरव्याचा एक पोचारा.
आमचा भाग पांढरा.
पांढरा म्हणजे बर्फ नव्हे,
दरवर्षी मी कुणाला तरी फोनवर समजावते,
पांढरा म्हणजे समान शक्यता:
जास्त पडेल, कमी पडेल, नेहमीइतकं पडेल,
तिन्हींना तेहतीस टक्के.
उरलेला एक टक्का कुठे गेला
हे आजवर एकानेच विचारलं,
तो सहावीत होता.

वडील म्हणायचे, वेधशाळेने पाऊस सांगितला
की गोधड्या खुशाल वाळत घालाव्यात.
मी वेधशाळेतच चिकटले, तेव्हा फोनवर
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आता आम्ही हसायचं कुणाला?"

हा माळ सपाट दिसतो, पण नाही.
पश्चिमेला चढत जातो, मैलामागे दहा-बारा फूट.
घाट नाही, वळण नाही, कानात दडे नाहीत.
फक्त दुकानातली वेफर्सची पाकिटं
टम्म फुगलेली असतात.

मार्च इथे असा:
सोमवारी वणव्याचा लाल इशारा,
बुधवारी हिमवादळाचा,
तारांच्या त्याच कुंपणाला आधी काजळी, मग बर्फ.
मधल्या मंगळवारी आभाळ धुळवड खेळतं,
एकाच रंगाने; माती कोलोरॅडोची की नेब्रास्काची
ते वारा ठरवतो.
सप्टेंबरात पेरलेला गहू बोटभर वाढून थबकलाय,
कुणी हाक मारावी
आणि मग काम काय होतं ते विसरावं, तसा.

यातलं काहीच तीन महिन्यांच्या सरासरीत दिसत नाही.

लव्हॉन ड्रायलिंगला दिसतं. वय एक्क्याऐंशी.
तिच्या फाटकाजवळ सरकारी पर्जन्यमापक आहे.
आधी एल्रॉय मोजायचा, एकोणसत्तर सालापासून.
तो गेला त्या सकाळीही नोंद आली,
सातला दहा मिनिटं उशिरा, तिच्या आवाजात:
शून्य.

पडलं, पण मापात आलं नाही, तर तक्त्यात 'टी' भरायचा.
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, तिने विचारलं होतं.
शिंतोडे, म्हटलं. मग वाटलं, छे, शिंतोडे तर उडवतात.
भुरभुर? पण ती लागून राहते.
चार थेंब म्हणावं तर ते मोजल्यासारखं झालं.
शेवटी भुरभुरच सांगितलं.
आता काही सकाळी फोनवर "बुरबुर" येतं,
मी 'टी' भरते.

आज मात्र पावणेसहालाच फोन.
"गवत घेऊन ठेवू का? एकवीस गाई
मार्चच्या मध्यावर व्यायच्या आहेत. भाव चढलाय."
"नकाशा पांढरा आहे, लव्हॉन."
"ते मला माहितेय. तुला काय वाटतं?"

'मला वाटतं'ला आमच्या फॉर्मात रकाना नाही.
वारा जरा थांबला, किंवा मीच ऐकायची थांबले.

"निम्मं घे," मी म्हणाले.

ती हसली. "एल्रॉयसुद्धा हेच म्हणाला असता.
आणि त्याचा पगार सरकार देत नव्हतं."
मग म्हणाली, "आजचं अजून बघितलं नाही. थांब,
बूट घालते."

दाराची कडी. कुत्र्याचं एक भुंकणं.
फोन तिने टेबलावर ठेवला असणार, उघड्या दारासमोर,
कारण वारा आता दोन्हीकडून येत होता,
माझ्या छतावरून आणि तिच्या स्वयंपाकघरातून.

कर्सर रकान्यात लुकलुकत होता.
मी काहीच भरलं नाही.