पाठमोरा

कुडतरीहून एर्मेलिंद बाय घड्याळ घेऊन आली.
घड्याळ रुमालात, रुमाल डब्यात,
डबा दोदोलाचा.
पिंपळकट्ट्यामागच्या माझ्या दुकानात
बसायला एकच स्टूल, तेही डुगडुगतं.

झाकण सोन्याचं, जुन्या रुपयाएवढं.
त्यावर मिन्याचं तळं, तळ्यात होडी,
होडीत माणूस, आणि माणसाला डोकं नाही.
तिथे टवका उडालाय, तांदळाच्या कणीएवढा.
"हे माझ्या आजोबांचे वडील," ती म्हणाली,
"मोझांबिकला होते. त्यांचं तोंड परत काढ."
फोटो आहे?
"फोटो कसला? ह्या घड्याळात तर होते ते."

आमच्या घरात सगळे डाग घडवणारे.
मिना मी एकटाच शिकलो, बराचसा जाळून शिकलो.
काच अकीकाच्या खलात पाण्याखाली खलायची,
दुधट पाणी ओतायचं, पुन्हा धुवायची,
पुन्हा,
पाण्यातून खलाचा तळ लख्ख दिसेपर्यंत.
दूध राहिलं तर निळ्यावर धुकं येतं.
आणि कच्चा रंग खोटं बोलतो.
लाल करडा दिसतो, निळा राखेसारखा.
खरं काय ते भट्टी सांगते,
तेव्हा उपाय उरलेला नसतो.

पण भीती वेगळीच.
जुन्या मिन्याला पुन्हा आग दाखवायची
म्हणजे झोपलेल्या तड्यांना हाका मारायच्या.
ते पाणी, तो डोंगर, लाटेची ती कड,
कुण्या परक्याने दोन केसांच्या कुंचल्याने ओढलेली,
सगळं पणाला, एका तोंडापायी.
"थंड रंग लावू या," मी म्हटलं, "भट्टीशिवाय."
"टिकेल किती?"
"तुम्हाला पुरेल एवढा."
तिने असं पाहिलं माझ्याकडे
की मी गुमान बिजागरीची खीळ काढायला घेतली.

रात्री यंत्र बशीत, झाकण भिंगाखाली.
टवक्याच्या खालच्या कडेला कॉलरचा पांढरा,
वर कातडीचा रंग जेमतेम,
आणि कातडीवर उतरलेले तीन बारीक केस.
म्हणजे मान. गळा नव्हे.
उलटं धरलं, सुलटं धरलं.
होडीतला माणूस पाठ करून बसला होता,
पहिल्यापासून.
रंगवणाऱ्याने तोंड काढलंच नव्हतं.

आणि चार पिढ्यांनी त्या पाठीत
नाक पाहिलं, मिशा पाहिल्या,
पोरांना दटावलं, पणजोबा बघताहेत हां.

मी आगाऊ घेतले होते तोंडाचे पैसे.
दोन दिवस कागदावर तोंडं काढून बघितली,
सगळी माझ्या काकावर जात होती.

शनिवारी दुपारी वीज टिकली.
भट्टी केशरी झाली, झाकण जाळीवर आत.
मिना आधी वाळूसारखा,
मग संत्र्याच्या सालीसारखा,
मग एकदम ओला.
त्या क्षणी काढायचं. घड्याळ लावून नाही, बघून.
बाहेर आलं ते नुसतं काळंतांबडं, चित्रच नाही.
निवत गेलं तसं तळं आलं,
मग डोंगर, होडी सगळ्यात शेवटी.
डोंगराच्या पायथ्याला एक नवा तडा, केसाएवढा.
तो माझा.

रविवारी मीस ऐकून ती आली.
दुकान बंद, तिच्यासाठी अर्धं शटर वर केलं.
तड्याचं आधी सांगितलं, तिने ऐकलं नाही.
भिंग दिलं, तिने घेतलं नाही.
हात लांब करून, डोळे बारीक करून बघत राहिली.
मी तोंड उघडलं: बाय, तो माणूस मुळात पाठ
"तोच," ती म्हणाली. "कान पळय.
आमच्या सगळ्यांचे अश्शेच."
आणि पदर नसलेल्या खांद्यावरून मान वळवून
तिने मला स्वतःचा कान दाखवला.

कान मी काढले नव्हते.
केसांच्या कडेला रंग जरासा ओघळला होता,
एवढंच.