जड माणसांनी मधे बसा

सकाळी सहाला सड्यावर टिटव्या आणि मी.
कुंपणाच्या तारेला कुणाची तरी म्हैस अंग घासतेय.
वाऱ्याच्या पिशवीचं शेपूट समुद्राकडे,
म्हणजे मतलय आहे अजून.
नऊपर्यंत राहील, मग पडेल, मग उलटेल.
हे मला कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं.

एकोणीस सीटांचं विमान,
चार पायऱ्यांचा जिना, आणि खाली विलास खवणेकर
आंब्याच्या पेट्यांचा काटा घेऊन.
त्याच काट्यावर माणसंही.
बायका चपला काढून चढतात, देवळात शिरावं तशा.
म्हापणचे पडते पोट आत ओढून उभे राहतात,
जणू काटा डोळ्यांनी मोजतो.

मी बेरीज करते.
इंधन, माणसं, पेट्या, सुरमईचा थर्माकोलचा डबा,
नेवारे आणि मी.
मे महिन्यात दुपारी कातळ तापतो, हवा पातळ होते,
पंखांच्या हाताला काही लागत नाही.
तेव्हा पेट्या उतरवायच्या. पेट्या बोलत नाहीत.
एकदा पेट्याच नव्हत्या,
तर नवरदेवाचा मामा उतरवला.
बसने पोचला तेव्हा पुण्यात मांडव सोडत होते.
पाटच्या बाजारात अजून मला बघून रस्ता ओलांडतो.

पगार फेब्रुवारीपासून नाही.
कंपनी म्हणते, पावसाआधी नक्की.
नेवारे भंडाऱ्याचा, त्याला मासे खाता येत नाहीत,
तो डाळभातावर सहा महिने तग धरून आहे,
मी विचारत नाही कशासाठी.

लोक विचारतात, आमचा घर दिसता काय गे वरसून?
दिसतं.
सगळ्यांचीच दिसतात, माडांत अर्धी बुडालेली.
आणि खाडीवरचा पूल,
पुलाच्या बगलेला उतरत्या पायऱ्यांचा धक्का,
जिथे आता कुणी उतरत नाही.
तिथे बाबा तर चालवायचा. चौतीस वर्षं.
तळपायाने वजन करायचा माणसांचं,
मान न वळवता ओरडायचा,
"जडशी माणसा मधी बसा!
घोव-बायल एका बाजूक नको, भांडतत!"
पूल झाला. होडी अंगणात पालथी,
तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात.

परवाच्या मंगळवारी तो पहिल्यांदा आला,
मोतीबिंदूसाठी, पुण्याला.
धुतलेलं धोतर, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या.
काट्यावर चढला.
अठ्ठेचाळीस, विलास म्हणाला.
मी लिहिलं. पुन्हा विचारलं. अठ्ठेचाळीसच.

आत वाकून उभा राहिला,
धुरकट डोळ्यांनी दोन्ही रांगा चाचपल्या,
आणि शेवटच्या सीटवर पसरलेल्या पडत्यांना उठवलं.
"हय पंखाकडे येवन बस. शेपटेक वजन नको,
थोबाड वर करता ता."
नेवारेने माझ्या कागदाकडे पाहिलं.
पडत्यांच्या नावापुढे मी तीच सीट लिहिली होती.

इंजिनं लावायच्या आधी, पडदा उघडाच होता,
मागून आवाज आला,
"मतलय पडली गे बाय."
बाहेर पिशवी काठीला चिकटून लोंबत होती.
घड्याळात आठ चाळीस.
थांबलो. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी उशीर म्हणालं.
मग पिशवीने हळूच तोंड फिरवलं, शेपूट सड्याकडे,
आणि आम्ही विमान दुसऱ्या टोकाला नेलं,
समुद्राकडे नाक करून.

उडालो. देवबागवर उजवं वळण घेतलं,
नियमात बसेल त्यापेक्षा अंमळ कमीच,
म्हणजे नेहमीपेक्षा अंमळ जास्त,
खाडी दिसावी, धक्का दिसावा म्हणून.
त्याला मी डाव्या रांगेत बसवला होता.
उजवीकडे वजन पुरलं होतं.

काही दिसलं का, मी नंतर नेवारेला विचारलं,
तू मागे पाहिलंस ना?
म्हणाला, सगळे खिडकीला चिकटले उजवीकडे,
तुझा बाबा एकटा
डावीकडे रेलून बसला होता,
दोन्ही हातांनी सीट धरून, घट्ट.