उलटा धरलेला नकाशा

बेटावर उतरलो तेव्हा शाळा माझ्या काखेत होती,
पत्र्याच्या नळीत गुंडाळलेली,
हॅम्बुर्गच्या कुणा दानशूर मंडळाने धाडलेली.
पाच वर्ग, सपाट छप्पर
आणि दक्षिणेला भिंतभर काचा.

एलिसेओ बार्रिया, होड्या बांधणारा सुतार.
त्याने कागद टेबलावर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले,
मग हलकेच फिरवून
डोकं खाली, पाय वर केला.
मला हसू आलं. सव्वीस वर्षांचा होतो,
सँटियागोच्या पदवीची शाई ओली होती.
"उलटा धरलात, मिस्त्री."
"काढलाच उलटा आहे," तो म्हणाला.
"आमचा सूर्य उत्तरेकडून जातो."

बाहेर चिलोएचा पाऊस होता.
हा पाऊस पडत नाही, आडवा चालत येतो,
आणि येतो तोही उत्तरेकडूनच.
म्हणजे पंचाईत अशी
की ज्या खिडकीतून ऊन, तिच्यातूनच वादळ.
एकाला या म्हणावं
तर दुसरं न विचारता आत.
पुस्तकांत उत्तर असेल म्हणून दोन रात्री जागलो.
नव्हतं.

नोल्फा कार्कामो मुलांसाठी बटाट्याचं कालवण रांधायची.
नकाशाकडे बघत तिने विचारलं,
ओले बूट कुठे?
मी म्हणालो, नकाशात बूट नसतात.
"मग मुलंही नसतील,"
असं म्हणून तिने चुलीत लाकूड सारलं.

शाळा त्या वाक्यावर उभी राहिली.
उत्तरेला लांबच लांब काचेची ओसरी,
जिथे वादळाने दमून बसावं
आणि उन्हाने तेवढं पुढे यावं.
बत्तीस जोड बुटांसाठी बत्तीस खुंट्या,
पाठीमागच्या भिंतीत नोल्फाच्या चुलीचं धुराडं,
म्हणजे शिजता शिजता वाळतीलही.
सपाट छप्पर गेलं. पालथ्या होडीसारखं नवं आलं,
लाकडी खवल्यांचं, तिहेरी.
"पाण्याला अडवू नये," एलिसेओ वरून ओरडला,
"वाट दाखवावी."
हॅम्बुर्गला मी कळवलं: किरकोळ बदल.

खिडकीची बैठक त्याने इतकी खाली का घेतली
ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
मुलं बसायला लागली तेव्हा कळलं.
सात वर्षांच्या पोराला
बसल्या जागेवरून धक्का दिसत होता.
होडीत कुणाचा ना कुणाचा बाप असतोच.

पुढे मी पुष्कळ बांधलं.
एक वीस मजली, सगळी काचेची,
मासिकात छापून आली.
फोटो माणसं यायच्या आधी काढले होते.
तिथे स्वागताच्या टेबलामागची बाई
दुपारभर उन्हाच्या तिरिपीला
खोक्याचा पुठ्ठा लावून बसते.
तिचं नाव मला ठाऊक नाही.
मी तो रस्ता टाळतो.

गेल्या मार्चमध्ये बेटावर गेलो.
शाळा बंद होऊन नऊ वर्षं झालेली,
मुलं कास्त्रोला, त्यांच्या मागे घरं.
एलिसेओ चर्चमागच्या उतारावर, त्याच्या क्रुसालाही छोटंसं छप्पर.
कुलूप असेल म्हणून चाललो होतो
तर ओसरीत पाच बाया विणत बसलेल्या.
इथे सहापर्यंत टाके दिसतात, एक म्हणाली,
घरी चारलाच दिवा लागतो.
बुटांच्या खुंट्यांवर लोकरीच्या लडी,
काही अजून ओल्या, रंग गळत असलेल्या.

नोल्फाने ओळखलं नाही.
"मी नकाशा आणणारा," म्हणालो.
तिने माझ्या पायांकडे पाहिलं.
"बूट काढ."

काढले. खुंटी रिकामी नव्हती,
एका बाईने आपली लड काढून घेतली.
मग त्या खालच्या बैठकीवर बसलो.
गुडघे हनुवटीला लागले.
धक्क्याला एक होडी लागत होती.